मागचं दार

अंबिकाबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला आणि त्या गप्प झाल्या, तेव्हाच श्रीधरपंतांना कळून चुकलं की आपण काहीतरी जबरदस्त करून बसलोय.

कन्नडकरांच्या घरात अंबिकाबाईंचा राग भाषेवरून ओळखायची सगळ्यांना सवय होती. स्पॅनिशमध्ये तडतडल्या तर पाच मिनिटांत निवळणार. इटालियनमध्ये पुटपुटल्या तर त्यांच्या आजोळचं काहीतरी आठवलंय असं समजून लांब राहायचं. इंग्रजी सुरू झालं की प्रकरण गंभीर. आणि स्वयंपाकाच्या आशाबाईंकडून शिकलेल्या अस्सल मराठवाडी बोलीत 'मालक' अशी हाक आली, की पंतांनी सरळ गच्ची गाठायची. पण गप्प बसणं या सगळ्यांच्या पलीकडचं होतं. गप्प बसणं हा तर बाईंचा पेशाच. बेचाळीस वर्षं लोक त्यांच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे पडून बोलत होते आणि बाई उशाशी, त्यांना दिसणार नाही अशा खुर्चीत बसून ऐकत होत्या. पन्नास मिनिटं हूं की चूं न करता काढायची त्यांना सवय होती, आणि इथं तर जेमतेम चार मिनिटं झाली होती.

शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाईंची पंचाहत्तरी. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. घरची चाळीसेक माणसं जमतील, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतील, जेवतील आणि आपापल्या घरी जातील, एवढंच बाईंना माहीत होतं. उरलेली मोठी गंमत पंतांनी वर्षभर पोटात ठेवली होती. पोट आता फुटायला आलं होतं. म्हणून चहाबरोबर त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि बाईंपुढं उलगडला. त्यावर एकशे बारा नावं होती.

"तुझी सगळी माणसं बोलावलीत मी," ते म्हणाले होते. "एकूण एक. पार बजाजनगरपर्यंत स्वतः जाऊन पत्रिका देऊन आलोय."

माणसं म्हणजे बाईंकडं येणारी माणसं. दिवाणावरची.

आता हा माणूस इतका साधा कसा, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पंत जलसिंचन खात्यातून रिटायर झालेले, जायकवाडीच्या कालव्यांवर उभी हयात गेलेली. पंचाहत्तर साली खात्यानं त्यांना सहा महिने अर्जेंटिनात, मेंडोसा गावी, कालव्यांचं शिकायला पाठवलं. तिथं परदेशी इंजिनिअरांना स्पॅनिश शिकवायला ग्रासिएला नावाची पंचवीस वर्षांची मुलगी यायची. ती स्वतः मनोविश्लेषक व्हायचं शिकत होती. पंत सहा महिन्यांत कालवे शिकले आणि स्पॅनिश त्यांनी अर्धवट सोडलं, कारण शिकवणारीच बरोबर आली. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'अंबिका' असं नाव काढलं. ते वाचायला ग्रासिएलाला दोन मिनिटं लागली आणि तेवढ्यात सगळा मांडव तिच्या प्रेमात पडला.

शिक्षण तिनं मुंबईच्या फेऱ्या मारमारून पुरं केलं आणि गारखेड्यातल्या घरात, पुढच्या खोलीत दिवाण टाकला. दोन वर्षं त्या दिवाणावर फक्त मांजर झोपलं. मग एक माणूस आला. तो कोण, हे पंतांना माहीत आहे आणि आपण विचारायचं कारण नाही. तो आला तो इंजेक्शन घ्यायच्या तयारीनं बाही वर करून आला, आणि तीन वर्षं येत राहिला. मग दुसरा आला. कारखान्यातले रात्रपाळीवाले आले, मास्तर आले, मास्तरांच्या बायका आल्या. जुन्या शहरातल्या बायकांना स्वप्नं दखनीत पडतात, ती मराठीत सांगताना त्यांचा जीव निघून जातो, हे कळल्यावर बाईंनी शेजारच्या रईसाआपांकडं दोन वर्षं दखनी घोटली. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या सात महिने तंबूत राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांची मराठी ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पाच भाषांमध्ये त्यांनी ऐकलं, आणि ऐकलेलं एकाही भाषेत बाहेर काढलं नाही.

त्यासाठी दोन दारं होती. लोकांनी पुढच्या दारानं यायचं, व्हरांड्यात पंतांनी दिलेलं माठाचं पाणी प्यायचं, आत जायचं, आणि जाताना स्वयंपाकघराजवळच्या मागच्या दारानं, लिंबाच्या झाडाखालून, गल्लीत बाहेर पडायचं. येणारा आणि जाणारा यांची गाठ पडायची नाही. हे मागचं दार भिंत फोडून पंतांनीच करून घेतलं होतं, तेव्हा दार कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, अशी सबब त्यांना नव्हती.

पण त्यामुळं झालं होतं असं, की बेचाळीस वर्षं पंतांनी ही माणसं फक्त येताना पाहिली. मान खाली घातलेली, हातातला रुमाल पिळणारी. कुणाला पाणी थंड लागतं, कुणाला साधं, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची गल्ली कुठली, हे सगळं त्यांना व्हरांड्यात बसल्या बसल्या कळायचं. जाताना ती कशी असतात ते फक्त आशाबाईंना ठाऊक, कारण स्वयंपाकघरात त्या असायच्या. पंतांच्या मनात इतकंच होतं की ही सगळी माणसं एकदा हसताना बघावीत. एकाच मांडवात. या नादात त्यांच्या डोक्यात एवढं आलं नाही, की एकाच मांडवात ती एकमेकांनाही दिसतील.

अंबिकाबाई शेवटी बोलल्या. आवाज अगदी खालचा होता.

"मालक, हे काय करून बसलाव तुमी? ह्यातल्या एकाचं जरी गुपित दुसऱ्याला कळालं ना, तर सोमवारपासून खोली बंद. मंग तुमी हाव अन् तुमचा माठ हाय."

आणि त्या उठून खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या अर्ध्या तासात जेवणाच्या टेबलाभोवती घरातल्यांची सभा भरली. मुलगा विश्वजित आधी बापाच्या बाजूनं होता, कारण पत्रिका त्यानंच छापून आणल्या होत्या. सून मोनिका पहिल्या वाक्यापासून सासूच्या बाजूनं होती आणि नवऱ्याकडं असं बघत होती, की दहा मिनिटांत तोही तिकडं सरकला. नात मनस्विनी कालच पुण्याहून आली होती. ती कुणाच्याच बाजूला नव्हती, कारण तिला हसू आवरत नव्हतं. पंत एकटे पडले. त्यांनी कबूल केलं की चूक झाली, आणि आता काय करायचं ते सांगा म्हणाले.

विश्वजित म्हणाला, कार्यक्रम रद्द करू. पण कळवणार कसं? पंतांनी एकशे बारा पत्रिका घरोघर जाऊन हातोहात दिल्या होत्या, फोन नंबर एकाचाही नव्हता. ते बाईंच्या कुलपात, आणि बाई बंद दाराआड. मग कार्यालयाच्या फाटकाला पाटी लावू, असं विश्वजितनं सुचवलं. त्यावर मोनिकानं विचारलं, की एकशे बारा माणसं एकाच वेळी एकाच फाटकासमोर पाटी वाचत उभी राहिली तर ते जास्त बरं दिसेल का?  मग विश्वजितनं पाणी तुंबल्याची अफवा काढली, मग वीज गेल्याची. 

आशाबाई मेथी निवडत होत्या. बोलण्यात भाग घ्यायचा नाही असं ठरवून बसल्यागत त्या म्हणाल्या, "बजाजनगरला एकदा मी चुकीच्या मांडवात जाऊन जेवले. पोरीवाल्यायला वाटलं पोराकडची, पोरावाल्यायला वाटलं पोरीकडची. आग्रह करकरून जेवू घातलं. आहेरात साडी बी दिली. कोन तुझं, कोन माझं, लग्नात कुणाला कळतंय?"

 मग एकेक करून सगळ्यांनी मनस्विनीकडं पाहिलं.

मनस्विनी आणि केयूर यांचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. त्यांच्यापुरतं. साखरपुडा, मानपान, स्टेजवर खुर्च्या, असलं काही नको, सही करून मोकळं होऊ, असं मनस्विनीचं म्हणणं. त्यामुळं दोन्हीकडचे वडीलधारे अजून एकमेकांना भेटलेसुद्धा नव्हते. केयूरची आई मात्र मोठ्या कार्याची वाट बघत दोन वर्षं कुढत होती, असं केयूर सांगायचा. वडील नव्हते, एकुलता एक मुलगा, आणि बजाजनगरची अख्खी कॉलनी त्याला लहानपणापासून ओळखत होती.

मनस्विनीचं हसणं थांबलं. ती आजीच्या बंद दाराकडं बघत राहिली. लहानपणी ती त्या दारापाशी कान लावून उभी राहायची आणि तिला कधीच काही ऐकू यायचं नाही.

"आबा," ती म्हणाली, "स्टेजवर खुर्च्या मांडा. पण ते फुग्यांचं नको हं."

तिनं केयूरला फोन लावला. केयूरनं एवढंच विचारलं की उद्या म्हणजे उद्याच का. पलीकडून त्याच्या आईचा आनंदाचा आवाज फोनला कान न लावताही सगळ्यांना ऐकू आला. बाराच्या आत त्या स्वतः रीतसर बोलणी करायला येत होत्या.

आणि त्या आल्या. राजनंदिनीताई. फाटक उघडून आत आल्या, पायऱ्या चढल्या, आणि पंतांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. गुरुवार, चार वाजता. सहा-सात वर्षांपूर्वी, सलग अडीच वर्षं. साधं पाणी, माठाचं नको, घसा धरतो. यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण त्या व्हरांड्यात कधी एक शब्दही बोलल्या नव्हत्या आणि पंतांना त्यांचं नावगाव कधी कळलंच नव्हतं. तेव्हा त्या अशा येत जणू कुणीतरी मागून ढकलतंय. आज जरीकाठी साडी होती, गजरा होता, आणि मागं पेढ्यांचा पुडा घेतलेला केयूर होता. त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

राजनंदिनीताईंनीही पंतांना ओळखलं. त्यांचा चेहरा पार उतरला. बाईंचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि गाडीत सगळं लक्ष पाहुण्यांच्या याद्यांत होतं. मुलाच्या होणाऱ्या आजेसासूचं घर हेच, हे त्यांना आत्ता या पायरीवर कळत होतं.

पंतांनी आयुष्यात पहिल्यांदा नाटक केलं. त्यांनी हात जोडले, या या, घर सापडायला त्रास नाही ना झाला, असं मोठ्यानं विचारलं, आणि हातातला माठाचा पेला मागं नेऊन साधं पाणी आणलं. राजनंदिनीताईंनी एक घोट घेतला आणि पेल्याकडं बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, की नाही, पहिल्यांदाच येतोय ना इकडं, पण सापडलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

अंबिकाबाई खोलीतून बाहेर आल्या, विहीणबाईंची ओळख करून दिली गेली, दोघींनी नमस्कार केला आणि कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही. पंतांना वाटलं, आपली बायको सिनेमात असती तर बक्षिसं ठेवायला घर पुरलं नसतं. बोलणी पाऊण तासात झाली. दोन बस भरून माणसं आणते, राजनंदिनीताई म्हणाल्या, तुम्ही फक्त हो म्हणा. जेवणाचं चाळीसाचं दीडशे आधीच झालं होतं, त्याचं अडीचशे झालं. विश्वजित आचाऱ्याला फोन करायला गच्चीवर गेला आणि तिकडून त्याचं अजीजीचं बोलणं खाली ऐकू येत राहिलं.

मग राजनंदिनीताई निघाल्या. सगळे उठले. त्यांनी पदर सावरला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि वळून त्या सरळ, न चुकता, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या बाजूला चालू लागल्या. मागच्या दाराकडं. अडीच वर्षांची सवय पायांत होती, डोक्याला पत्ताच नव्हता.

"आई," केयूर म्हणाला, "दार इकडं आहे." आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. पहिल्यांदा आलेल्या घरात आईला मागचं दार कसं ठाऊक?

राजनंदिनीताई थिजून उभ्या राहिल्या. अंबिकाबाईंनी डोळे मिटले. मोनिकानं पेढ्यांच्या पुड्याची दोरी उगाचच सोडायला घेतली.

"मीच म्हटलं त्यांना," पंत म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता, पण चढलेला आवाज सत्तरी ओलांडलेल्यांना माफ असतो. "मघाशी पायऱ्यांवरच म्हटलं. जाताना आमचं लिंबाचं झाड बघून जा. चला ताई, दाखवतो."

"व्हय," स्वयंपाकघरातून आशाबाई म्हणाल्या, "पिशवी बी काढून ठेवली मी. लिंबं घेऊनच जावा." राजनंदिनीताईंना त्यांनीही ओळखलं होतं, जाताना पाहिलेल्या चेहऱ्यावरून.

केयूरची आठी गेली. लिंबाच्या झाडाखाली राजनंदिनीताईंनी पंतांकडं पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी त्यांना हसू फुटलं. इतकं, की त्यांना झाडाला हात टेकावा लागला. पंतही हसायला लागले. पिशवीत तीन डझन लिंबं भरली गेली आणि तोवर दोघांनाही नीट सांगता येईना की आपण कशाला हसतोय.

रविवारी अकरा वाजता कार्यालयाच्या दारात नवा फलक होता. मनस्विनी आणि केयूर यांचा साखरपुडा, आणि खाली बारीक अक्षरांत, मुलीच्या आजीची पंचाहत्तरी. पंत फाटकाशी गुलाबपाणी घेऊन उभे होते.  एकेक रिक्षा यायची, एकेक ओळखीचा चेहरा उतरायचा, आत बघायचा, आतली गर्दी पाहून दचकायचा, फलक वाचायचा, आणि त्याच्या जिवात जीव यायचा. बेचाळीस वर्षांत पंतांनी एवढे सुटकेचे निःश्वास एका जागी कधी ऐकले नव्हते.

आणि मग मजा सुरू झाली, कारण आपण कोण हे लपवायला मिळालं की माणूस फार मोकळा होतो. तुम्ही कुणाकडचे, असं विचारलं की जो तो छातीठोकपणे सांगे. बजाजनगरच्या दोन बसगाड्या आल्यावर तर सगळं पाणी एकच झालं. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको वेगवेगळ्या रिक्षांनी आले. गृहस्थ सोमवारी यायचे, बायको बुधवारी, आणि गेली चार वर्षं एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं; पत्रिकाही पंतांनी दोघांना एकाच दारात, पण वेगवेगळ्या दिवशी, ज्याच्या त्याच्या हातात दिल्या होत्या. सरबताच्या टेबलापाशी त्यांची गाठ पडली. मी मुलाकडून, गृहस्थ घाईघाईनं म्हणाले. मी मुलीकडून, बायको म्हणाली. दोघांनीही एकमेकांवर बिनशर्त विश्वास ठेवला आणि मग शेजारी बसून मठ्ठा प्याले. एका मॅडमनी, ज्या केयूरला जन्मात भेटल्या नव्हत्या, त्याच्या मावशीला तो लहानपणी किती खोडकर होता हे सांगितलं. मावशी म्हणाली, अगदी बरोबर, तुम्हाला अजून आठवतं.

कळस केला तो सोमवारी सकाळी आठला येणाऱ्या सावंगीच्या गृहस्थांनी. कुणीतरी माईक फिरवत होतं, तो त्यांच्या हातात आला, आणि मुलीचे मामा म्हणून त्यांनी आशीर्वादपर भाषण ठोकलं. मुलीच्या जन्माच्या वेळचा पाऊस, तिचं पहिलं पाऊल, सगळं आलं. स्टेजच्या पायऱ्यांवर मोनिकाचा सख्खा भाऊ आहेर घेऊन उभा होता. तो बहिणीकडं बघत राहिला. मोनिकानं त्याला डोळ्यांनी बस म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. हे गृहस्थ व्हरांड्यात 'पाणी द्या' एवढंही कधी मोठ्यानं म्हणाले नव्हते.

अंगठ्या झाल्या. मग पाटावर अंबिकाबाईंना बसवलं. पंचाहत्तर दिवे लागले, पाच जणींनी ओवाळायला घेतलं, त्यात राजनंदिनीताई पुढं होत्या. आणि अचानक हॉलमध्ये शांतता झाली. बसमधून आलेल्या मंडळींना वाटलं, या घरची रीतच अशी असेल. पण पंतांना ठाऊक होतं ही शांतता कुठली. हॉलभर विखुरलेली एकशे बारा माणसं बाईंना पहिल्यांदा समोरून बघत होती, कारण एरवी बाई उशाशी असायच्या आणि समोर फक्त छत असायचं. कुणाचेही डोळे कोरडे नव्हते. लग्नाकार्यात लोक रडतातच, म्हणून कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

जेवणं होत आली तेव्हा पंतांना वाटलं, जिंकलो. आणि त्यांनी मागं वळून पाहिलं.

हॉलच्या मागं, आचाऱ्यांच्या भांड्यांपलीकडं, एक अरुंद दार होतं. तिकडं एक माणूस निघाला होता. मग दोघी निघाल्या. मग पाच जण. बाईंना भेटून झालं की मागच्या दारानं निघायचं, हे पायांना पाठ होतं. तीस-चाळीस माणसं खरकट्या पातेल्यांमधून वाट काढत त्या दाराशी येऊन दाटली होती. पुढं फाटक सताड उघडं असताना. आणि आता ती थांबून एकमेकांकडं बघायला लागली होती. बँकेचे गृहस्थ त्यात होते. त्यांची बायको मागून येत होती. आणखी एक मिनिट गेलं असतं, तर प्रत्येकाला कळलं असतं की या दाराशी कोण कोण येतं.

रईसाआपा पुढच्या फाटकापाशी घरी भाजलेल्या नानखटाईचे डबे मांडून बसल्या होत्या, पाहुण्यांना जाताना द्यायला. पंत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत हे विसरून धावले. आपा, टेबल मागच्या दाराला न्या, एवढंच ते धापा टाकत म्हणाले. आपांनी कशाला म्हणून विचारलं नाही. त्यांनी दार पाहिलं, गर्दी पाहिली, आणि उठल्या. "हौ भाईजान, नक्को टेन्शन लेव," म्हणत त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं विश्वजितनं.

स्टेजवरून मनस्विनी हे बघत होती. नवरीनं असं करायचं नसतं, पण तिनं माईक घेतला आणि सांगितलं, की आमच्याकडं साखरपुड्याला मागच्या दारानं बाहेर पडायची पद्धत आहे, नानखटाईशिवाय कुणी जायचं नाही.

अडीचशे माणसं वळली. मुलाकडचे, मुलीकडचे, कॉलनी, बस, आचाऱ्याची दोन माणसंसुद्धा. त्या अरुंद दारात रेटारेटी झाली, हसणं झालं, कुणाचा पदर कुणाच्या घड्याळात अडकला. पंत दाराच्या चौकटीत उभे राहून डबे देत होते. त्यांच्यासमोरून ती सगळी माणसं एकेक करून बाहेर पडली. मान वर, तोंडात नानखटाई, एकमेकांना टाळ्या देत. बँकेचे गृहस्थ बायकोचा हात धरून गेले. पंतांनी त्यांना जाताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि डबे दिसेनात, म्हणून आशाबाईंनी पुढं होऊन डबे हातात घेतले.

"रोज असेच जात्यात," त्या म्हणाल्या. "तुमाला मी किती येळा सांगितलं."

शेवटी राजनंदिनीताई आल्या. डबा घेतला, बाहेरच्या सिमेंटच्या पटांगणावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "काय हो पंत, इथं लिंबाचं झाड दिसत नाही."

गाडीतून घरी येताना अंबिकाबाई काही बोलल्या नाहीत. मनस्विनीच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या स्पॅनिशमध्ये काहीतरी गुणगुणत होत्या, पण पंतांकडं त्यांनी पाहिलं नाही. कुणाचं गुपित कुणाला कळलं का, हे पंतांनी विचारायचं धाडस केलं नाही. खोलीचं दार बंदच होतं.

सोमवारी पावणेआठला पंत व्हरांड्यात बसले. माठ भरला होता, पेले विसळून उपडे ठेवले होते. आठला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं आणि सावंगीचे गृहस्थ मान खाली घालून पायऱ्या चढले. पंतांनी पाणी दिलं. आठ वाजले. दार उघडलं नाही. बेचाळीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आठ वाजून एक मिनिट झालं. आत खुर्ची सरकली, पावलं वाजली आणि दारापाशीच थांबली.

गृहस्थांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. घड्याळाकडं बघत, अगदी हळू, ते म्हणाले, "काल तुमच्याकडं काही कार्य झालं म्हणे."

पंतांच्या ओठांवर ते भाषण आलं होतं, तो पाऊस आणि ते पहिलं पाऊल. ते त्यांनी गिळलं.

"झालं की," ते म्हणाले. "नातीचा साखरपुडा होता. तुम्ही आला असतात तर फार बरं वाटलं असतं."

गृहस्थांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पेला रिकामा केला, खाली ठेवला आणि म्हणाले, "लग्नाला नक्की येईन."

आठ वाजून तीन मिनिटांनी आतून कडी निघाली.